तीन मुलांचा घरचा अभ्यासक्रम: दाखल्यापासून नोंदणीपर्यंत

मे २०२३ मध्ये आम्ही तिन्ही मुलांना शाळेऐवजी घरी शिकवायचं ठरवलं. थोरली सातवी संपवून आठवीत जाणार होती, मधला चौथीत, आणि धाकटीचं पहिलीत नाव घालायचं होतं. आता जून २०२५ आहे. थोरलीची दहावीसाठी मुक्त विद्यालयात नोंदणी झाली आहे आणि बाकी दोघांचं बऱ्यापैकी मार्गी लागलंय. या दोन वर्षांत ओळखीच्या अनेक आयांनी विचारलं, "पुस्तकं कुठली वापरता हो?" दारात उभं राहून त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

शाळा का थांबवली ते थोडक्यात सांगते. तिघांची कारणं तीन होती, आणि शाळेनं वाईट वागवलं असं त्यातलं एकही नव्हतं. मधल्याचं सांगायचं तर, तो जून २०२० मध्ये पहिलीला गेला, म्हणजे त्याची मुळाक्षरं मोबाइलच्या पडद्यावर झाली. तिसरी संपली तरी जोडाक्षर आलं की तो थांबायचा, आणि वर्ग काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता. आम्ही सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात राहतो. मी सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, अकरा-साडेअकराला घरी येते. ह्यांची अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाची नोकरी. म्हणजे दिवसभर मुलांना घेऊन बसणारं असं आमच्याकडे कुणी नाही. सासूबाई आहेत, पण त्यांचं मत वेगळं. "पोरं दिवसभर घरात काय करूलालेत म्हणून विचारलं कुणी, तर काय सांगू बाई मी?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं.

निकाल लागल्यावर शाळा सोडल्याचे दाखले मागायला गेले. अर्जात 'कोणत्या शाळेत प्रवेश घेणार' असा रकाना होता. तिथे काय लिहायचं यावर कार्यालयात बराच वेळ गेला. लिपिक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी अडचण समजावून सांगितली: सरकारी पोर्टलवर विद्यार्थ्याचं नाव पुढच्या शाळेनं मागवायचं असतं, आणि पुढची शाळाच नसेल तर नाव हलवायचं कुठे? शेवटी मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, कारण स्पष्ट लिहा, दोघांच्या सह्या करा, कागदी दाखला देते. आम्ही 'पालक घरी शिक्षण देणार असल्याने' असं लिहिलं. दाखले मिळायला अडीच-तीन आठवडे लागले. ऑनलाइन नाव मात्र बरेच दिवस जुन्याच शाळेत दिसत राहिलं.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, जन्मस्थळ, जात-पोटजात, सगळं. मधल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळाचा तालुका वेगळाच पडला होता. शाळेच्या रजिस्टरवरून तो दोन दिवसांत दुरुस्त झाला. मूल पटावरून गेल्यानंतर अशी दुरुस्ती फार लांबते, आणि पुढे जातीच्या प्रमाणपत्राला हाच कागद लागतो. मूळ दाखला लॅमिनेट करू नका. पुढे कुणी त्यावर शिक्का मारायचा म्हटलं तर पंचाईत होते.

त्याच आठवड्यात शिक्षण हक्क कायदा मी स्वतः वाचून काढला. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. त्यात घरी शिकवण्याचा उल्लेखच नाही, परवानगी म्हणूनही नाही आणि बंदी म्हणूनही नाही. कलम १० म्हणतं, मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते न केल्यास पालकांना शिक्षा मात्र त्या कायद्यात सांगितलेली नाही. मला जास्त धीर दिला तो कलम ४ नं. शाळेत कधी न गेलेल्या किंवा मधेच सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. आणि कलम १३ प्रमाणे त्यासाठी प्रवेशपरीक्षा घेता येत नाही. म्हणजे आठवीपर्यंत परत फिरण्याची वाट उघडी आहे, फक्त महाराष्ट्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे सहावी ते आठवीत जायचं तर पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. हे कळलं त्या रात्री आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी नीट झोपलो. घरात एकाला जरी शंका असेल तर त्याच्यासमोर आधी ही कलमं ठेवा, बाकीची चर्चा नंतर.

मुलं घरी का शिकणार आहेत, कोणती पुस्तकं वापरणार, असं एक पानी पत्र आम्ही शिक्षण विभागाला दिलं. उत्तर आलं नाही. ते येईल असं वाटलंही नव्हतं. पण दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला होता. तो कागद कसा कामाला आला ते पुढे येईल.

जूनमध्ये पुस्तकांकडे वळलो, आणि इथेच सगळ्यांची गोची होते. एका ॲपवाल्या कंपनीचा माणूस घरी येऊन दोन तास बसला. टॅब्लेटसकट तिघांचं पॅकेज मिळून आकडा साठ हजारांच्या पुढे गेला. माँटेसरीचं साहित्य पाहिलं, तेही धाकटीच्या एका वर्षासाठी परवडणारं नव्हतं. केंब्रिजच्या परीक्षांची चौकशी केली आणि शुल्क ऐकून फोन ठेवला. मग ह्यांनी एक साधा प्रश्न विचारला: "थोरली दहावी कुठून देणार?" त्यांना हिशेबाची सवय असल्यामुळे ते आधी शेवटची बेरीज बघतात.

तो प्रश्न आला आणि कामाची दिशा पालटली. दोन रस्ते होते. पहिला राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं. खाजगी विद्यार्थी म्हणून अर्ज करता येतो, पण मूळ दाखला लागतो (म्हणून वरचा सगळा आटापिटा), विषय ठरलेले, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम, आणि राहिलंच काही तर जून-जुलैची पुरवणी. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, ज्याला सगळे एनआयओएस म्हणतात. ही केंद्र सरकारची संस्था, १९८९ पासूनची. वय १४ पूर्ण लागतं. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा हवी. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय सुटे सुटे देता येतात. थोरलीला चित्रकलेत गती आहे आणि गणिताची धास्ती. चित्रकला मुख्य विषय म्हणून घेता येईल आणि गणित वाटल्यास मागाहून देता येईल, हे कळल्यावर तिनंच दुसरा रस्ता निवडला.

तिच्या अभ्यासक्रमाचं ते टोक पक्कं झालं. मुक्त विद्यालयाची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. ती उतरवून घेतली आणि पाहिलं की तिथपर्यंत पोचायला हिला काय काय यायला हवं. आठवी-नववीच्या पुस्तकांतून तेवढंच घ्यायचं ठरलं. बहुपदी, समीकरणं, भूमितीची प्रमेयं घेतली. विज्ञान सगळंच घेतलं. इतिहास-भूगोल मात्र परीक्षेसाठी नाही, गोडीसाठी.

बाकी दोघांना असं टोक नव्हतं, दहावी फार लांब होती. त्यांच्यासाठी उलटी पद्धत केली: मूल आज कुठे उभं आहे ते आधी पाहायचं. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. मधल्याला मराठी आणि गणिताची एकेक इयत्ता खाली उतरत स्वाध्याय दिले, तो न अडखळता सोडवेल तिथपर्यंत. मराठीत तो दुसरीच्या पुस्तकात मोकळा झाला. गणितात उलटंच. चौथीचं त्याला सोपं गेलं आणि पाचवीतले अपूर्णांक त्यानं स्वतः वाचून नाही, पण मी वाचून दाखवल्यावर पटापट केले. शाळेत त्याला गणितात कमी गुण का पडायचे याचं कोडं तेव्हा सुटलं: शाब्दिक उदाहरणं त्याला वाचताच येत नव्हती. थोरली आठवीची, पण तिचे अपूर्णांक सहावीतच अडकलेले होते. म्हणजे काही महिने बहीणभाऊ अपूर्णांकांना शेजारीशेजारी बसले. तिला ते सुरुवातीला अजिबात आवडलं नाही. मी त्या पुस्तकांना कव्हरं घालून इयत्तेचा आकडा झाकला. हसू नका, उपयोग होतो.

याच ठिकाणी एक अडचण उभी राहिली. २०२३-२४ ला राज्याची पुस्तकं नव्या रूपात आली होती. सगळे विषय एकत्र, चार भाग, आणि मधे मधे नोंदींसाठी कोरी पानं. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू चांगलाच, पण आमच्यासारख्यांना ती गैरसोयीची. मधल्याला मराठी दुसरीचं आणि गणित पाचवीचं हवं, तर दोन्ही इयत्तांचे चारचार भाग घ्यायचे आणि त्यातलं बरंचसं बाजूला ठेवायचं. आम्ही जुन्या, विषयवार पुस्तकांचा माग काढला. काही नवी पेठेतल्या दुकानांच्या जुन्या साठ्यात मिळाली, काही शेजारच्या मुलांची, आणि राहिलेल्यांच्या पीडीएफ छापून स्पायरल करून घेतल्या. कोऱ्या पानांचा निर्णय सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला. पण घरी शिकवणाऱ्यांना माझा सल्ला तोच राहील, पुस्तक नेहमी विषयाचं घ्या, इयत्तेचं नाही.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असतं. सोलापूर जिल्ह्याचं घ्या आणि मोठ्या मुलालाही वाचायला द्या. आमच्या थोरलीला सीना कुठल्या नदीला मिळते हे त्यातून कळलं. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवरून उघडतात, तेही फुकट. क्यूआर कोडची ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत आधी रुजली होती. तिथले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे बहुतेकांना माहीत असेलच. वाचनासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार लावलेली मराठी गोष्टींची पुस्तकं आहेत. मधल्याला पहिल्या पातळीपासून सुरुवात करून दिली, रोज दोन. धाकटीला गोष्ट वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे दिलं, म्हणजे सोपं पुस्तक वाचण्याची लाज गेली. विज्ञानाच्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा खजिनाच आहे, त्यातलं बरंच मराठीत.

पहिल्या वर्षाचा खर्च विचारणाऱ्यांसाठी: पुस्तकं हजार-अकराशे, छपाई आणि झेरॉक्स दीड हजारावर, गणिताचे दशमान ठोकळे, फळा, नकाशे मिळून दीडएक हजार, वाचनालयाची वर्गणी, आणि थोरलीच्या रंगांचे दोन हजार. सगळं मिळून आठ हजारांच्या आत. रंगांचा खर्च दरवर्षी वाढतोय, बाकीचा कमी होतोय, कारण पुस्तकं एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पुस्तकात लिहू देऊ नका, वहीत लिहायला लावा.

आता वेळापत्रक. आधी मी तिघांचं तासातासांचं कागदावर मांडलं होतं. ते श्रावण लागायच्या आत गळून पडलं. टिकलं ते एवढंच: सकाळी मी कामावर असताना थोरली स्वतःचं वाचते आणि मधला गणित करतो. धाकटी आज्जीजवळ असते. दुपारी बारा ते दीड भाषा आणि गणित, एकेकाला अर्धा तास, उरलेल्यांनी शांत बसायचं काम. तीननंतर तिघांचं एकत्र. उन्हाळ्यात सगळं उलटं करावं लागतं, कारण एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी डोकं चालत नाही. तेव्हा पहाटे साडेपाचला गच्चीवर बसतो.

तीननंतरच्या एकत्र वेळेतच अभ्यासक्रम खरा जुळत गेला. एकच विषय, तीन पातळ्या. सगळ्यात चांगला चालला तो पाण्याचा. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. धाकटीनं घागरी मोजल्या, मधल्यानं टाकीची लांबी-रुंदी-उंची मोजून लिटर काढले, थोरलीनं माणशी रोजचा वापर काढला. मग आम्हाला पाणी देणारं उजनी धरण आलं. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलंच नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पेपरात उजनीची टक्केवारी रोज 'उणे' छापून येत होती. मधल्यानं विचारलं, "शून्याच्या खाली पाणी कसं असेल?" त्या प्रश्नावर आमचे जवळजवळ दोन आठवडे गेले. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातला ६३.६६ मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी, आणि वरचा ५३.५७ उपयुक्त. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची काढतात, म्हणून मृतसाठ्याची पातळी म्हणजे शून्य. त्याच्या खाली गेलं की उणे, पण धरणात पाणी असतंच. उणे ५० टक्के म्हणजे ५३.५७ चे निम्मे, सुमारे २६.८, मृतसाठ्यातून वजा. म्हणजे अजून ३७ टीएमसीच्या आसपास शिल्लक. थोरलीनं हे मांडलं, मधल्यानं भिंतीवर उभी संख्यारेषा काढून रोजचा आकडा खुणेनं दाखवला. पूर्णांक संख्या सहावीच्या गणितात येतात. त्याला त्या दहाव्या वर्षी, पेपर वाचून आल्या. आणि पेपर वाचायचा म्हणून वाचनही झालं. जुलैअखेर पाऊस लागला आणि खुणा शून्याच्या वर निघाल्या, तेव्हा सासूबाई रोज सकाळी आधी भिंतीकडे बघायच्या.

इतिहासही असाच. आठवीच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाच्या पाठात सोलापूरच्या सत्याग्रहाबद्दल जेमतेम परिच्छेद आहे. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. मुलं चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून शेकडो वेळा गेलेली, पण नावं त्यांना सांगता येत नव्हती. नेमके गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस होते. दुपारी पुतळ्यांपाशी गेलो, तिथून यात्रेत. धाकटीला फक्त पाळणा आठवतो. चालायचंच, सहा वर्षांच्या मुलीला मार्शल लॉ सांगून काय करायचं? एकत्र वेळ म्हणजे तिघांनी सगळं शिकायचं असं नाही, हे मी त्यानंतर धरून चालले. तिला तिथे नुसतं असू द्यायचं.

धाकटीबद्दल बऱ्याच जणांना काळजी वाटते, कारण ती शाळेत गेलीच नाही. तिच्यासाठी पहिल्या वर्षी पुस्तक जवळजवळ काढलं नाही. ठोकळे, चिंचोके, बाजारहाट, गाणी, पाटी. शेजारच्या घरी तेलुगू बोलतात, वरच्या मजल्यावर कन्नड. ती तिन्हींत खेळते. अक्षरं तिला सातव्या वर्षी लागली, आणि तोवर मला रात्री झोप लागायची नाही हेही लिहून ठेवते. तुमच्याकडे तसं झालं तर वयाकडे बघू नका असं मी म्हणणार नाही, बघाच. पण दर महिन्याला काय नवीन आलं ते तारखेसह लिहा. माझ्या वहीत ऑक्टोबर आणि फेब्रुवारीच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा फरक दिसला. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता.

२०२४ च्या पावसाळ्यात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी एक शिक्षिका दारात आल्या. मला घाम फुटला. त्यांनी तिघांची नावं, वयं विचारली आणि पेन थांबवून म्हणाल्या, "ताई, माझ्या फॉर्मात घरी शिकतात असा रकाना नाही." मी त्यांना आत बसवलं, चहा टाकला आणि फाइल पुढे ठेवली. दाखले, आवक शिक्क्याचं पत्र, महिन्यांच्या नोंदी, मुलांच्या वह्या. त्यांनी मधल्याला वाचायला सांगितलं. तो वाचत असताना मी स्वयंपाकघरातच उभी राहिले. बाहेर जायचा धीर झाला नाही. त्यांनी शेऱ्यात काहीतरी लिहिलं, पत्राचा फोटो घेतला आणि जाताना म्हणाल्या, कधी शाळेत घालावंसं वाटलं तर आमच्याकडे घेऊन या, वयाप्रमाणे वर्ग मिळेल. कायद्यात वाचलेलं कलम माणसाच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं. तुमच्या घरी असं कुणी आलं तर वाद घालू नका, फाइल दाखवा. ते बिचारे आपलं काम करत असतात.

दुसऱ्या वर्षी बदल थोडेच केले. मधल्याचं मराठी तिसरी-चौथीच्या पुस्तकांवर आलं, इंग्रजी पहिल्यांदा नीट सुरू केलं. त्याला पाचवी-आठवीची परीक्षा द्यायची झाली तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, एनआयओएसची मुक्त बेसिक शिक्षणाची पातळीही आहे. आम्ही अजून घाई केलेली नाही. थोरलीनं नववीचा इतिहास पूर्ण सोडला आणि ते तास गणिताला दिले.

थोरलीचं १४ वर्षं वय ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेसाठीचे प्रवेश सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत विलंब शुल्काशिवाय चालू होते. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, साइट रेंगाळते. आम्ही अर्ज दिवाळीनंतर भरला. लागलेले कागद: आधार, जन्माचा दाखला, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा. आठवी उत्तीर्णचा कागद तिच्याकडे नव्हता. दहावीचा अभ्यास करण्याइतकं शिक्षण झालंय असं स्वयंघोषणापत्र चालतं, तेच जोडलं. फोटो आणि सही ठरावीक केबीतच लागते. मोबाइलवर कमी करताना सही इतकी पुसट झाली की पुन्हा काळ्या पेननं जाड करून घेतली. आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरनअक्षर जुळतंय का ते आधी पाहा. आमच्याकडे वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता. आधार केंद्रावर दुरुस्ती करून अद्ययावत व्हायला दहाबारा दिवस गेले, तोवर अर्ज थांबवून ठेवला.

विषय घेतले मराठी (कोड २०४), इंग्रजी (२०२), गणित (२११), विज्ञान आणि तंत्रज्ञान (२१२), चित्रकला (२२५). माध्यम इंग्रजी, कारण शाळेत सेमी-इंग्रजी असल्यामुळे गणित-विज्ञानाचे शब्द तिला इंग्रजीतच माहीत. मराठी माध्यमाचीही सोय आहे. शुल्क दोन हजारांच्या आतबाहेर गेलं. मुलींना मुलांपेक्षा कमी असतं. परीक्षेचा अर्ज आणि शुल्क वेगळं, दर विषयाला आणि प्रात्यक्षिकाला धरून. अभ्यास केंद्र निवडताना नुसती यादी बघू नका, फोन करून विचारा की विज्ञान आणि चित्रकलेची प्रात्यक्षिकं तिथेच होतात का, आणि संपर्क तासिका खरोखर भरतात का. एका ठिकाणी फोनच लागला नाही, एका ठिकाणी चित्रकलेला माणूस नव्हता. तिसऱ्या केंद्रातल्या बाईंनी सगळं नीट सांगितलं, ते घेतलं.

अर्ज तपासणीत काही आठवडे 'प्रलंबित' दिसत राहिला. रोज सकाळी लॅबमध्ये जाण्याआधी मी फोनवर तेवढंच उघडून बघायची. जानेवारीत नोंदणी क्रमांक आला, मग ओळखपत्र उतरवून घेतलं. थोरलीनं ते आरशाच्या कडेला लावलंय. सासूबाईंनी हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "शाळेचं नाव कुठंय ह्यावर?" मी संस्थेचं नाव दाखवलं. "दिल्लीकडचं हाय व्हय," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात तेच सांगताना मी ऐकलं.

सध्या तिचे विषयवार स्वाध्याय चालू आहेत. गुणांत त्यांचा वाटा २० टक्के असतो आणि ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी ते जुलैअखेरपर्यंत द्यायचे असतात. ते तिचे तिलाच लिहू द्या, कारण पाठाच्या मागचे प्रश्न आणि परीक्षेचे प्रश्न यांतलं अंतर तिथेच कळतं. गणिताचा पेपर ऑक्टोबरला द्यायचा की पुढच्या एप्रिलला, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. परीक्षा शुल्क भरायच्या आत ठरवायचंय, म्हणून जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवतेय. मधल्याचं यंदाचं गणिताचं पुस्तकही बाकी आहे. सहावीचं चाळून झालं, आता येत्या रविवारी सातवीतले दोन स्वाध्याय देऊन बघणार आहोत.